उद्याचा वाटा

१२ ऑक्टोबर, रविवार

बोर्डिंगच्या धोबीखोलीमागची ती पायरी आज सकाळपासून डोळ्यांपुढून हलत नाही. रविवारची दुपार. पायरी उन्हाने तापलेली, दोरीवर आमचे सगळ्यांचे निळे झगे वाळत घातलेले, आणि ताई खिशातून रुमाल काढते आहे. रुमालात अर्धा गोड पाव. शनिवारच्या चहाला प्रत्येकीला एक मिळायचा. बोर्डिंग चालवणाऱ्या मदरचा नियम होता — अर्धा आज खायचा, अर्धा आपल्या नंबरच्या डब्यात टाकायचा. त्याला 'उद्याचा वाटा' म्हणायचं. माझा डबा रविवारी रिकामा! मी शनिवारीच आख्खा गट्टम केलेला असायचा. मग ताई तिच्या अर्ध्यातला अर्धा मला द्यायची. "हळू खा, छोटे. मोठा वाटेल." कडेने वाळलेला, आत मऊ. साखर बोटांना चिकटायची. एवढंच. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आठवलं ते पुलामुळे. सकाळी समोरच्या खोलीतले बातमीपत्र दारात उभे. नगरपालिकेतून निवृत्त झालेले कारकून आहेत. बातमीपत्र हे आम्ही दोघींनी ठेवलेलं नाव, त्यांना माहीत नाही. "बाई, पुलाच्या मधल्या खांबाला तडा गेलाय. आजपासून ट्रक बंद. पुढेमागे सगळंच बंद होणार, लिहून ठेवा."

लिहून ठेवलं.

आमच्या या काठाला आहे काय? एक वाणी, एक औषधवाला, एक लहान दवाखाना, एक वाचनालय. बाकी सगळं पलीकडून येतं. मोठं हॉस्पिटल पलीकडे. आणि ताईचं हृदय हे असं — दोन जिने चढली तरी कठड्याला धरून उभी राहते. पूल बंद असताना तिला काही झालं तर?

ताई म्हणाली, "मग साठा करायला हवा." चेहरा असा की जणू सहलीला निघालोय.

१३ ऑक्टोबर

साठा करायचा कशातून? ताईचं टेलिफोन खात्याचं पेन्शन आणि माझा वाचनालयातला अर्ध्या दिवसाचा पगार. फाटकी पुस्तकं बांधायची, सुटलेली पानं चिकटवायची, हे माझं काम. दोन्ही मिळून महिन्याची तोंडमिळवणी होते, त्यापुढे शिल्लक नाही. पैसेवाले पोती उचलताहेत. आम्ही ठरवलं, वाण्याकडच्या दर फेरीला एक जादा वस्तू. एकच. त्यासाठी पेपर बंद (बातमीपत्र आहेतच की!), दुपारचा दुसरा चहा बंद, बस बंद.

आज जादाचं मीठ आणलं. ताई पुडा हातात घेऊन म्हणाली, "झाली सुरुवात. आता उपाशी मेलो तरी खारट मरू."

१९ ऑक्टोबर, रविवार

मेणबत्त्यांचा दिवस! गेल्या कित्येक वर्षांची जळकी टोकं एका डब्यात पडून होती. बातमीपत्रांनी त्यांच्याकडचीही दिली. बोर्डिंगमध्ये चॅपलमधली टोकं वितळवून आम्ही मुलीच नव्या मेणबत्त्या करायचो, ते आज साठ वर्षं उलटल्यावर उपयोगी पडलं. पातेल्यात पाणी, पाण्यात डबा. वात म्हणून पुस्तकं शिवायचा दोरा, तीन पदरी वळून. साचे ताईने जुन्या शुभेच्छापत्रांच्या गुंडाळ्या करून बनवले. ती खाटेवर बसून गुंडाळ्या धरणार, मी ओतणार. माझं मेण बाहेर सांडलं की ताई, "मदर बघतेय हं!"

काढल्या तर सगळ्या वाकड्या. मी हिरमुसले.

"वाकड्या मेणबत्तीला वाकडा उजेड पडतो असं कुणी सांगितलं तुला?" ताई म्हणाली.

वाचनालयात खळीसाठी पीठ मिळतं ते मी घरी आणावं असंही तिचं म्हणणं. "खळ खाऊन राहू. आतून चिकटून बसू दोघी." हसून हसून तिला ठसका लागला. मग बराच वेळ पाठ चोळत बसले. हसवायचं नाही तिला, असं रोज ठरवते.

२४ ऑक्टोबर

वाण्याकडे आज रांग. सगळे एकमेकांच्या पिशवीत बघत होते. वाणी ओरडत होता, "एका घराला एकच! मावशी असो की आत्या असो, एकच!" माझी या खेपेची जादा वस्तू दूध पावडर. फळीवरचा शेवटचा डबा होता. मी हात पुढे केला, त्याने दिला.

माझ्या मागे तळमजल्यावरची बाळाची आई. तिने फळीकडे बघितलं, मग डब्याकडे. "संपली का हो?" एवढंच. वाणी म्हणाला, "बघू, आली तर सांगतो."

मी डबा पिशवीत घातला आणि आले. ताईला संध्याकाळी दूध लागतं. ताईला लागतं! बाळाची आई तरुण आहे, दहा ठिकाणी हिंडेल.

ताईला हे सांगितलं नाही.

२८ ऑक्टोबर

सगळा साठा ताईच्या खाटेखाली. बाटल्या धुऊन पाणी भरून ठेवलं. डाळ, तांदूळ, पीठ, काड्यापेट्या, साबण, बॅटरीचे सेल. ताईने स्वतःला भांडारप्रमुख नेमून घेतलं. बिस्किटांचा पत्र्याचा डबा मात्र खाली नाही, तिच्या उशाशी. "हा माझ्या ताब्यात. तुझा भरवसा नाही, शनिवारीच संपवशील."

वरचे शिंपीकाका कपडे द्यायला उतरले होते. त्यांना आणि ताईला एकाच डॉक्टरची एकच पाण्याची गोळी आहे, गुलाबी पट्टीतली. सकाळी घेतली की अंगातलं जादा पाणी निघून जातं, दम लागत नाही. ते ताईला 'ऑपरेटरबाई' म्हणतात, कारण तिने सारा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढला.

"काय ऑपरेटरबाई, आपलं गुलाबी नातं कसं काय?"

"लाइन चालू आहे. तुमची?"

"कधी लागते, कधी खरखर."

खाटेखाली वाकून बघितलं त्यांनी. "युद्धबिद्ध आहे की काय?"

"तुम्हाला लागेल तेव्हा याल वाटी घेऊन," मी म्हणाले. जरा जास्तच तोडून बोलले. काका हसले, पण गेले लगेच.

ताई म्हणाली, "अगं, त्यांच्याकडे बघणारं कोण आहे?"

मी ऐकलं न ऐकलंसं केलं.

३ नोव्हेंबर

आजचा दिवस वाईट.

औषधवाल्याकडे गेले होते ताईच्या गोळ्यांसाठी. म्हटलं, या वेळी दोन महिन्यांच्या द्या. त्यासाठी माझा चष्मा बदलायचा राहू दिला होता. तो मान हलवत राहिला. "पलीकडून माल अर्धाच येतोय, बाई. ज्याला त्याला त्या महिन्यापुरतंच. मी तुम्हाला दिल्या तर शिंपीकाकांना काय देऊ?" बरोबरच आहे त्याचं! पण मी काउंटर धरून उभी राहिले. मागून कुणी तरी म्हणालं, "सरका ना आजी." आजी!

घरी येऊन पिशवी टेबलावर आदळली. तोंडाला येईल ते बोलले. "जाळायचाय का हा साठा? मीठ काय, मेणबत्त्या काय! तुझ्या गोळ्या साठत नाहीत तोवर हे सगळं फुकट आहे, ताई! पूल बंद झाला आणि गोळ्या संपल्या तर मी काय करू? मी काय करू, सांग?"

ताई सुईत दोरा ओवत होती. ओवून झाल्यावर विचारलं, "किती झाल्या म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल?"

"महिन्याभराच्या. निदान महिन्याभराच्या."

"बरं," म्हणाली. एक्स्चेंजमधला तिचा आवाज — कुणी नंबर सांगितला, की असंच 'बरं' म्हणून पुढच्या कामाला लागायची.

५ नोव्हेंबर

साखर. वाणी म्हणाला पुढच्या वेळी महाग होईल.

९ नोव्हेंबर, रविवार

पूल अजून उभा आहे. बातमीपत्र रोज सकाळी जाऊन बघून येतात, आजारी माणसाला बघून यावं तसे. आता एका वेळी एकच बाजू सोडतात. बसमधली माणसं उतरून चालत जातात, बस मागून रिकामी येते.

ताई आज खूश होती. उगाच. विचारलं तर, "काही नाही, साठा चांगला होतोय." मी कौतुकाने म्हणाले, भांडारप्रमुख!

१२ नोव्हेंबर

ताईच्या सपाता तिला होत नाहीत. पाय फुगलेत, बोटाने दाबलं तर खळगा तसाच राहतो. मी म्हणाले ती खारी बिस्किटं बंद कर. ती म्हणाली, "मी कुठे खाते?" मला वाटलं, खोटं बोलतेय. डबा तर उशाशीच! लहान मुलीला रागवावं तशी रागावले तिला.  तिच्या सपातांची मागची बाजू कापून दिली.

१७ नोव्हेंबर

दवाखान्यातले डॉक्टर घरी येऊन गेले. तरुण आहेत, घाईत असतात. छातीला नळी लावून दोनदा ऐकलं.

"गोळी रोज घेता ना, आजी?"

"वक्तशीर," ताई म्हणाली.

मी सकाळी लवकर वाचनालयात जाते. पाण्याचा पेला आणि पट्टी तिच्या हाताशी ठेवून. ताईच्या बाबतीत याहून जास्त बघायची गरज कधी पडलीच नाही. एक्स्चेंजमध्ये तिची एक पाळी कधी चुकली नाही!

डॉक्टर म्हणाले, मग हृदय थकलंय. सकाळी एक, दुपारी एक, अशा दोन घ्या. चिठ्ठी लिहून दिली. चिठ्ठीवर औषधवाल्याने कुरकुरत जादाची पट्टी दिली. पट्टी ताईच्या हातात ठेवली तर तिचा चेहरा उजळला. मला बरं वाटलं. वाटलं, गुण येणार असं तिला वाटतंय.

२० नोव्हेंबर

बाळाची आई जिन्यात भेटली. बाळ कडेवर, रडवेलं. "पावडर मिळाली का?" मी विचारलं. कशाला विचारलं कोण जाणे! "नाही ना, मावशी. पातळ करून करून देतेय." मी म्हणाले, "मिळेल हं." आणि वर आले.

चॅपलमध्ये गुडघे टेकून आम्ही रोज काय म्हणायचो ते आठवत बसले. 'आमची रोजची भाकर आज आम्हास दे.' शब्द सगळे आठवतात.

२२ नोव्हेंबर

ताईला आता आडवं होता येत नाही. पाठीला तीन उश्या. बसल्या बसल्या डुलकी काढते. बोलता बोलता मध्येच थांबते, श्वास घेते, पुढचं वाक्य सुरू करते. दोन गोळ्या घेऊनही हे असं कसं?

डॉक्टर म्हणतात पलीकडे न्या. ताई म्हणते, "पूल बंद झाला तर परत कशी येऊ? इथे साठा आहे, तू आहेस. मी कुठे जात नाही."

वाचनालयात रजा सांगितली. बिनपगारी.

२६ नोव्हेंबर

नीट लिहिते. नीट लिहिलं पाहिजे.

आज दुपारी चांगलं ऊन होतं. म्हटलं, बिस्किटं सादळली असतील, गॅलरीत ऊन दाखवावं. ताई उश्यांना टेकून झोपली होती. तिच्या उशाचा डबा घेतला. हलका लागला. उघडला तर बिस्किटं नाहीतच. वर कापूस, कापसाखाली रुमाल. बाई गं, रुमाल! चौपदरी घडी घातलेला. मला आधी वाटलं शर्टाची तुटकी बटणं आहेत. पांढरी, अर्धी अर्धी.

गोळ्या होत्या. सुरीने मधोमध कापलेल्या, नीट रांगेत. त्यांच्याशेजारी काही आख्ख्याही.

मी डबा घेऊन तशीच उभी. ताईने डोळे उघडले.

"हे काय आहे, ताई?"

"उद्याचा वाटा," ती म्हणाली. आणि हसली!

"अगं हे औषध आहे! पाव नव्हे!"

"अर्धी घेतच होते ना मी. अगदीच सोडली नव्हती." थांबली, श्वास घेतला. "दुपारची मात्र आख्खी ठेवली. त्यामुळे लवकर झाला बघ साठा."

"आणि बिस्किटं?"

"ती बाळाच्या आईला देऊन टाकली. ती आली होती तू नसताना. तिने खाल्लं तर बाळाला मिळेल."

मी काय काय बोलले. वेडी आहेस का म्हणाले, मारून टाकलंस स्वतःला म्हणाले. ओरडले तिच्यावर, जन्मात पहिल्यांदा. ती सगळं ऐकून घेत होती, लाइनवरचा माणूस बोलायचा थांबेपर्यंत ऐकून घ्यायची तशी. मग म्हणाली,

"तूच म्हणाली होतीस ना, महिन्याभराच्या झाल्या की तुझा जीव भांड्यात पडेल. मोजल्या नाहीत, पण होत आल्यात. पडला का?"

खाटेच्या कडेवर डोकं ठेवून रडले. ती माझे केस सारखे करत राहिली. हात सुजलेला, जड.

तेव्हाच्या तेव्हा गोळी दिली. आख्खी. तोंड उघडायला लावून, जीभ वर करायला लावून बघितलं. तिला त्याचंही हसू आलं.

२७ नोव्हेंबर

डॉक्टरांना सांगितलं. ते कपाळावर हात मारून घेतील असं वाटलं, पण ते नुसते खुर्चीत बसले. मग ताईला म्हणाले, "आजी, हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"मदरने," ताई म्हणाली.

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना काय सांगणार! एका वेळी चाळीस पोरींना शिकवलं होतं. शिकली नाही ती मी एकटीच.

इंजेक्शन दिलं. दोन दिवस बघू, नाही तर पूल ओलांडायचाच, म्हणाले.

२९ नोव्हेंबर

दम जरा कमी. नाही. तेवढंच आहे.

१ डिसेंबर

आज पूल ओलांडला.

सकाळी ताईचे ओठ निळसर दिसले. शिंपीकाकांनी खाली धावत जाऊन अॅम्ब्युलन्स बोलावली. धावत! त्यांनी धावायचं नसतं. बातमीपत्रांनी आणि बाळाच्या वडिलांनी ताईला खुर्चीत बसवून जिना उतरवला. जिन्यात प्रत्येक दारात कुणी ना कुणी उभं होतं. ताई मान हलवून सगळ्यांना निरोप देत होती, मिरवणुकीत बसल्यासारखी. मी किल्ली बातमीपत्रांच्या हातात दिली.

पुलाच्या तोंडाशी शिपायाने हात केला. आत फक्त पेशंट आणि चालवणारा, बाकी सगळ्यांनी खाली उतरायचं, वजन नको. मी उतरले. गाडी माणसाच्या चालीने निघाली आणि मी मागच्या दाराचा दांडा धरून तिच्यामागे चालत राहिले. आतून ताई काचेतून बघत होती. तोंडावर ऑक्सिजनची वाटी. मधल्या खांबापाशी पायाखाली काही तरी हललं की मला भास झाला, कोण जाणे. नदी खाली शांत होती. बोर्डिंगमध्ये आम्ही फिरायला निघायचो तेव्हा धाकट्यांनी मोठ्यांचा हात धरून रस्ता ओलांडायचा असे. मी दांडा सोडला नाही.

पलीकडे पोचल्यावर तिने काचेवर बोटाने टकटक केलं. पोचलो.

३ डिसेंबर

काल दुपारी पूल बंद केला. पूर्ण. पायी माणसालाही सोडत नाहीत.

वॉर्डातल्या नर्सने बातमी सांगितली तेव्हा ताईच्या अंगातलं पाणी बरंच उतरलेलं होतं, ओठांना रंग आला होता. ती ऑक्सिजनची वाटी बाजूला सारून म्हणाली, "म्हणजे आपण बाहेर आणि साठा आत!" आणि हसू लागली. मीही हसले. हसता हसता दोघींच्या डोळ्यांत पाणी. नर्स म्हणाली, "या दोघींना वेगळं बसवा रे कुणी तरी!"

पायांवरची सूज उतरलीय. आज तिने पेज मागून घेतली. आख्खी वाटी संपवली. "सगळी खाल्ली का?" मी विचारलं. "सगळी. बघ, चाटून."

५ डिसेंबर

बातमीपत्रांशी फोनवर बोलले. त्या काठाला वाण्याची फळी रिकामी. वीज अर्धा दिवस. औषधवाल्याकडे गुलाबी पट्टी संपली, शिंपीकाका दोन दिवस गोळीशिवाय आहेत. सरकारी बोट येणार येणार म्हणतात. "तुमच्या घराची किल्ली माझ्याकडे आहे, बाई," एवढं म्हणून ते थांबले. माणूस सरळ आहे. मागितलं नाही.

ताईला सांगितलं. ती उठून बसली. पाठ ताठ. "लाव लाइन," म्हणाली. "मी जोडून देते, तू लिही."

डोळे मिटून घेतले, पुढ्यात बोर्ड असावा तसा हात उचलला. "मेणबत्त्या, बातमीपत्रांना. वाकड्या आहेत म्हणावं. जोडलं. दूध पावडर..." माझ्याकडे बघितलं तिने. तिला माहीत होतं! बाळाच्या आईनेच सांगितलं असणार.  "दूध पावडर तळमजला. जोडलं." डाळ-तांदूळ कुणाला, साबण कुणाला. एकेक घर आठवून, जिन्याने खालून वर जात. शिंपीकाकांपर्यंत पोचली आणि दम लागला. "बाकीचं उद्या," म्हणाली.

वॉर्डाच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्या कापलेल्या गोळ्या दुसऱ्या कुणाला चालतील का. त्याच औषधाच्या, तेवढ्याच ताकदीच्या असतील आणि कोरड्या राहिल्या असतील तर चालतील, म्हणाल्या. कोरड्याच आहेत. कापसात ठेवल्यात तिने.

ताईला म्हणाले, घरी गेल्यावर पहिल्यांदा काय करू या? "दुपारचा दुसरा चहा," म्हणाली.

७ डिसेंबर, रविवार

ताई आज सकाळी गेली. चहा आला होता. तो तसाच निवला.

बातमीपत्रांना फोन करून हे वाचून दाखवायचं. दूध पावडर बाळाच्या आईला, आणि सांगायचं की मी उशीर केला. मेणबत्त्या आणि काड्यापेट्या त्यांनीच ठेवाव्यात. डाळ, तांदूळ, पीठ सगळ्या जिन्यात सारखं वाटायचं, दाराशी मागायला येण्याची वाट न बघता. बाटल्यांतलं पाणी उकळून घ्यायचं. साबण आणि सेल दवाखान्याला. साखर ज्या घरी मुलं असतील त्यांना. मीठ कुणालाही. ताईच्या तिन्ही उश्या शिंपीकाकांना, रात्री पाठीला लागतात.

खाटेच्या उशाशी पत्र्याचा डबा आहे, तोही काकांनाच. रुमाल मला राहू द्यावा. गोळ्या काकांनी रोज सकाळी घ्यायच्या — आख्ख्या आहेत तोवर एक, मग अर्ध्या दोन दोन. आजची आजच घ्यायची. उद्यासाठी तिच्यातलं काही ठेवायचं नाही.